दादांच्या वहीतली नसलेली पाने

यंदा पावसाळ्याआधी आमच्या अकोल्याच्या घराच्या गच्चीची डागडुजी काढली आणि त्यासाठी माळा रिकामा करावा लागला. माळ्यावर काय काय निघते ते वाचकांना सांगायला नको. फुटका स्टोव्ह, लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली पातेली, गेलेल्या माणसांचे चष्मे. आमच्या माळ्यावर त्याशिवाय एक पत्र्याची पेटी निघाली. ती आमच्या कालकथित वडिलांची. आम्ही भावंडे त्यांना दादा म्हणत असू.

पेटीत दादांचा सावतराम मिलमधला बिल्ला होता. एक झांज होती, तिची जोडीदारीण नव्हती. तळाशी एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही होती, किराणा दुकानदार उधारी मांडायला वापरतात तशी. पहिल्या पानावर 'जयभीम' आणि त्याखाली दादांच्या जांभळ्या पेन्सिलीत सात माणसांची कामे लिहिलेली. ढोलकी, तुणतुणे, झांज, सोंगाड्या, पाटील, पटवारी, बाई.

दादा जलशात काम करीत हे आम्हाला ठाऊक होते. पण आम्हाला कळू लागले तोवर त्यांची पार्टी मोडली होती. आमच्या आठवणीतला जलसा म्हणजे पहाटे दारात उभे राहिलेले, घसा पार बसलेले दादा आणि त्यांच्या हातातले ज्वारीचे गाठोडे. वहीत बिदागीचा हिशेबही आहे. 'नगदी 11 रुपये, ज्वारी 2 पायल्या.' एका ठिकाणी फक्त 'जेवण' एवढेच लिहिले आहे आणि त्याखाली दुहेरी रेघ. त्या गावी काय झाले असेल त्याचा विचार आम्ही बराच वेळ केला.

वहीतला मुख्य ऐवज म्हणजे 'शाळेची वाट' नावाचा वग. गोष्ट साधी आहे. खेड्यातले नवराबायको आपल्या पोराला शिकायला अमरावतीच्या बोर्डिंगात घालायला निघतात. वेशीवर पाटील अडवतो, चावडीत पटवारी अडवतो. मग नदीला पूर. मग परक्या गावची विहीर. मग मूर्तिजापूरच्या ठेसनात तिकिटाची खिडकी. शेवटी बोर्डिंगाचे दार. दर टप्प्यावर एक माणूस आडवा आणि दर टप्प्याला सोंगाड्या बरोबर. डॉ. पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांसाठी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले होते, त्याची कीर्ती आमच्या लोकांत होती. वगातले बोर्डिंग तेच की दुसरे, हे दादांनी लिहिलेले नाही.

पानांना कोपऱ्यात आकडे घातले आहेत म्हणून कळते, की पाने 31 ते 38 वहीत नाहीत. म्हणजे नदी आहे आणि तिकिटाची खिडकी आहे, मधली विहीर नाही. आणि शेवटचे पानही नाही. कुटुंब बोर्डिंगाच्या दाराशी पोहोचते, आतून कोणीतरी विचारतो, 'कोण आहे?' आणि वही संपते. आम्ही नेहमीप्रमाणे दोष उंदरांना दिला.

सामानाची यादीही आहे. 'गॅसबत्ती 1. फेटा 1. धोतरे 2. लुगडे 1 (घरचे). घागर 1 (गाव पाहून).' घागर गाव पाहून म्हणजे काय, ते कोणाला कळेना. आमचे धाकटे बंधू म्हणाले, ज्या गावी कार्यक्रम त्या गावातून उसनी घ्यायची असेल. आम्हालाही ते पटले होते.

आता थोडे आमच्या मुलीबद्दल. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दर शनिवारी रात्री ती आणि तिचे चार-पाच मित्रमैत्रिणी एका टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. त्याला पट नाही, सोंगट्या असल्या तर असतात. एकजण गोष्ट सांगणारा. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैदू. सांगणारा म्हणतो, तुमच्यासमोर गुहेचे तोंड आहे, आत उजेड दिसतो, काय करता? मग ज्याने त्याने आपापल्या सोंगात राहून उत्तर द्यायचे. जमले की फसले ते फाशावर. फासाही आपला सहा अंगांचा नव्हे, वीस अंगांचा. हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढला, नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गेली चार वर्षे आम्ही या प्रकाराला 'शिकल्यासवरल्या पोरांचा रिकामा उद्योग' म्हणत आलो आहोत, आणि तिच्या तोंडावरही म्हटले आहे.

गच्चीच्या कामाच्या वेळी ती चार दिवस सुट्टी घेऊन आली होती. तिने वही चाळली, मागची पुढची पाने पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आजोबा तर आमचाच खेळ खेळत होते."

आम्हाला राग आला. जलसा हा काही खेळ नव्हे, प्रबोधन होते, असे आम्ही तिला सुनावले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "वहीत भाषणं कुठं आहेत?"

आम्ही पुन्हा वही पाहिली. खरोखर नव्हती. गाणी पूर्ण लिहिलेली होती, सुरावटीच्या खुणांसकट. पण वगाचे संवाद म्हणून जे आहे ते निव्वळ टाचण. 'पाटील आडवा येतो. कामाची याद देतो. सोंगाड्या त्याची जोडे मोजतो. नवरा उत्तर देतो.' कोणते उत्तर, ते नाही.

इथे जलशाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तरुण वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिलेला नसेल. तमाशाचा साचा सत्यशोधकांनी उचलला आणि त्यातून लोकांना जागे करण्याचे काम घेतले. तिथून तो आंबेडकरी चळवळीत आला. तीसच्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले; कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक 1978 साली लिहिले म्हणून निदान एवढे तरी कागदावर राहिले. गणात देवाऐवजी बाबासाहेबांना वंदन. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण खरे बोलायची मुभा त्यालाच. वगातले बोलणे तमाशाच्या रिवाजाप्रमाणे बहुतेक जागच्या जागी व्हायचे. कथेचा सांगाडा सर्वांना पाठ, अंगावरचे मांस त्या रात्रीचे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर हळूहळू गायन पार्ट्या पुढे आल्या, लाऊडस्पीकर आले आणि जलसा मागे पडला. दादांची पार्टी त्या शेवटच्या काही पार्ट्यांपैकी.

लिहिलेले राहते असेही नाही म्हणा. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 साली लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांपुढे आले 1979 साली. पूर्ण लिहून, बाड बांधून ठेवलेल्या नाटकाची ही गत; आमच्या दादांची तर उधारीची वही.

मुलीने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली ती मात्र आम्ही कान देऊन ऐकली. तिच्या खेळाची कथा-पुस्तके छापून मिळतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी माइक कार नावाच्या गृहस्थाने नवशिक्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात एका जुन्या गढीच्या खोल्यांची वर्णने दिली, पण कोणत्या खोलीत कोण दडले आहे आणि धन कुठे आहे त्या जागा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या. मागे याद्या दिल्या आणि म्हटले, तुमचे तुम्ही भरा. "आजोबांची वही तशी आहे," ती म्हणाली. आम्ही म्हटले, कोरी जागा वेगळी आणि फाटलेले पान वेगळे. यावर ती गप्प बसली. हा एक मुद्दा आम्ही जिंकला असे तेव्हा वाटले.

मग आम्ही शोधाला लागलो. सात जणांपैकी सहा गेले. ढोलकीवाले काका अमरावतीला मुलाकडे असतात, वय नव्वदीला टेकलेले. त्यांना भेटायला आम्ही दोघे बंधू एस.टी.ने गेलो. राजापेठेकडून अंबादेवीच्या बाजूने जाताना धाकट्याला सांगितले, की 1927 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब इथेच इंद्रभुवन थिएटरात परिषदेला आले होते, या देवळाच्या प्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. तो म्हणाला, हे तुम्ही दर खेपेला सांगता. असो.

काकांना दिसत कमी, ऐकू बरे येते. वही त्यांच्या मांडीवर ठेवली तर त्यांनी ती वाचली नाही, तिच्या पुठ्ठ्यावर बोटांनी ठेका धरला. शकुंतलेच्या डब्यात बसून अचलपुराकडे जायचो, ते सांगू लागले. ती छोटी गाडी आता धावत नाही, पण काकांच्या बोलण्यात ती अजून दर ठेसनाला थांबते. गाडीच्या धडधडीवर ढोलकीचा सराव व्हायचा म्हणे. पाटलाचे काम करणारा मिलमध्ये साचावाला होता, त्याचा फेटा पाहून खरे पाटील खुश होत. हे सर्व बोलणे दीड तास चालले. आम्ही विहिरीवर आलो.

"विहिरीच्या वक्ताले ढोलकी बंद राहे," काका म्हणाले. "म्या तोंड फिरवून बिडी प्यायचो. मले ते बोलनं नाही येत."

इतक्या दूर येऊन पदरी एवढेच. आम्ही निघण्याच्या बेतात होतो, तेव्हा धाकट्याने सहज विचारले, की काका, घागर गावातून उसनी घ्यायचे का?

काका हसले. घागर आपलीच असे, म्हणाले. पार्टी गावात पोहोचली की दादा आधी एकटे पाणवठ्यावर चक्कर मारून येत. कोण कुठे भरतो, कोणाचा दोर कुठे टांगलेला आहे ते पाहून येत. जिथे आपली माणसे सर्वांच्या बरोबर पाणी भरत, त्या गावच्या वगात विहिरीवरची बाई पोराच्या ओंजळीत पाणी ओती. त्यासाठी घागर भरून ठेवायची. जिथे भरू देत नसत, तिथे घागर कोरडी. कोरडी घागर दादा फळ्यांच्या अगदी पुढच्या कडेला आणून ठेवत आणि वग पुढे चालू. तिकिटाची खिडकी होई, बोर्डिंग होई, शेवटची आरोळी होई, लोक उठून जात, तरी घागर तिथेच. पहाटे सामान भरताना शेवटी उचलायची ती.

"पाटलाची नजर गान्यावर राहे का घागरीवर, ते म्या ढोलकीवरून पाहो," काका म्हणाले.

तेव्हा 1955 सालचा अस्पृश्यता अपराध कायदा होऊन पाच-सात वर्षे झाली होती. सार्वजनिक विहिरीवर कोणाला अडवणे गुन्हा होता. त्या कायद्याची भाषा वाचायला कोणती गावे तयार होती आणि कोणती नव्हती, त्याची नोंद ठेवण्याची दादांची ही रीत. वहीत गावांची नावे आहेत, पुढे बिदागी आहे, पण कुठे घागर भरली आणि कुठे कोरडी ते त्यांनी लिहिले नाही. आम्ही घरी येऊन पुष्कळ शोधले. 'जेवण' आणि दुहेरी रेघ असलेले गाव कोणत्या प्रकारचे, याचा आम्ही अंदाज करतो, पण तो अंदाजच.

अकोल्याला परत आलो तर मुलीने जेवणाच्या टेबलावरची भांडी हटवून वही मधोमध ठेवली होती. म्हणाली, आज रात्री आपण वग खेळू. आमच्या पत्नीने बायकोचे सोंग घेतले, आम्ही नवऱ्याचे, आमचा बारा वर्षांचा पुतण्या पोरगा झाला आणि त्याचे वडील सोंगाड्या. पाटील, पटवारी, पूर, सगळे मुलीकडे. वीस अंगांचा फासा पहिल्याच डावात दिवाणाखाली गेला तो सापडला नाही. मुलीने कॅलेंडरचा पुठ्ठा कापून वीस चकत्या केल्या, आकडे घातले आणि स्टीलच्या डब्यात हलवल्या. त्या अमेरिकन कंपनीलाही एकदा फाशांचा तुटवडा पडला होता आणि 1979 च्या सुमारास खोक्यात फाशांऐवजी अशाच पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या होत्या, असे तिने सांगितले. आई दिवाणावर पडून होती. ती 83 वर्षांची आहे, अलीकडे बोलणे कमी झाले आहे. झोपली असे आम्ही समजलो.

खेळ रंगला हे कबूल केले पाहिजे. पाटलाशी आम्ही बरे भांडलो. पटवाऱ्यापुढे पत्नीने असे काही रडून दाखवले, की आम्हाला घरातली काही जुनी भांडणे नव्या उजेडात दिसली. आणि मग मुलगी म्हणाली, "इथून पुढची पानं नाहीत. ऊन आहे. पोराला तहान लागली आहे. विहिरीवर दोन बाया पाणी भरत आहेत, दोर त्यांचा. काय करता?"

आम्ही उभे राहिलो. गेली तीस वर्षे आम्ही या ना त्या व्यासपीठावर बोलत आलो आहोत, तेव्हा शब्दांची वाण नव्हती. समता, संविधानाचे सतरावे कलम, महाडचे चवदार तळे, सर्व क्रमाने मांडले. मुलीने डब्यातून चकती काढली. चार.

"बाया ऐकत नाहीत," ती म्हणाली. "पोरगा अजून तहानलेला आहे."

आम्ही पुन्हा बोलू लागलो. तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला.

"पोराले पानी पाज आंधी. भाषन मंग कर."

आई उठून बसली होती. तिने पदर सारखा केला. आमच्याकडे पाहिले नाही, टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे पाहत बोलू लागली. तो आवाज आम्ही पूर्वी ऐकलेला नव्हता. ती म्हणाली :

"बाई, दोर तुमचा, बादली तुमची, इहीरही तुमची. पन ह्या पोराची तान कोनाची हाय? ती तं माही बी नोहे. म्या ते काही घरून बांधून आनली नाही. ऊन सगळ्याइचं हाय, त्यातूनच आली ते. तुमच्या लेकराले लागते ते अन् ह्याले लागली ते, दोनी एकाच उन्हाच्या. म्या दोराले हात लावत नाही. तुमी वता. म्या फकत त्याची ओंजय धरतो."

मग तिने आवाज बदलला आणि सोंगाड्याचे बोलली. सोंगाड्या बायांशी बोलतच नाही, बादलीशी बोलतो. "काऊन व बादलीबाई, ढोरं प्याले तई तुले काही झालं नाही. कुत्रं तोंड घालून गेलं तई लाजली नाही. आता पोट्टं पाहून काऊन मांगं सरतं?" बादली काय म्हणते, तेही आईने करून दाखवले. ते इथे लिहिता येण्यासारखे नाही, पण पुतण्या खुर्चीवरून खाली पडला इतके सांगतो.

सगळे मिळून आठ-दहा मिनिटे झाली असतील. आठ पाने. ती कुठेही अडखळली नाही. सकाळी गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही.

आम्ही विचारले, हे तुला कसे येते?

तर गोष्ट अशी. पाळीवरून आले की दादा चुलीपुढे बसत आणि भाकरी होईतो वगाची घोकणी चाले. समोरचे सर्व बोलणे आईने बोलायचे, पाटलाचे, पटवाऱ्याचे, सोंगाड्याचे. बाईचे काम करणाऱ्या गड्याला दादा आमच्या घरी आणत आणि तो दारात बसून आई कशी बोलते ते ऐके. लुगडेही तिचेच जाई. यादीतले '(घरचे)' ते हे. विहिरीवरचे बोलणे मुळात कोणी रचले, असे मुलीने विचारले. आई म्हणाली, "रचते कायचं. म्या तशीच बोललो होतो एकडाव. तुह्या मोठ्या काकाच्या येळेस." त्या विहिरीचे आणि त्या वेळचे तिने पुढे काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आमचे थोरले बंधू लहानपणीच गेले, एवढे आम्ही ऐकून आहोत.

ज्या सात जणांच्या यादीने वही सुरू होते त्यात आईचे नाव नाही. आम्ही अमरावतीला जाऊन आलो, आणखी कुठे कुठे फोन केले. दिवाणापर्यंत पाच पावले होती.

पाने कुठे गेली तेही तिनेच सांगितले. उंदीर वगैरे काही नाही. 1970 साली आम्ही चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलो होतो. घरात कोरा कागद नव्हता. वहीच्या पानांची पाठ कोरी होती, म्हणून दादांनी पट्टी लावून पाने फाडली आणि आम्हाला गणिते करायला दिली. आईने अडवले तर म्हणाले, हे मला पाठ आहे, हे गेले तर चालेल. जे पाठ नव्हते, जिथे ते अडत, ती पाने त्यांनी वहीत राहू दिली. आम्ही मग वही पुन्हा उजेडात धरून पाहिली. कडा खरोखर सरळ आहेत. दोन महिने आम्ही त्या कडा पाहत होतो.

परीक्षेत आम्हाला शिष्यवृत्ती मिळाली नाही. हेही लिहून टाकतो.

शेवटचे पान मात्र आईला ठाऊक नाही. ते चुलीपुढे कधी घोकले गेले नाही. कार्यक्रमाला ती दोनतीनदाच गेली आणि कडेवर लेकरू असल्याने बोर्डिंग येण्याआधीच उठून आली. दाराआतून 'कोण आहे?' विचारल्यावर बाप नाव सांगतो, जात सांगतो, की पोरगाच पुढे होऊन बोलतो, आणि दार उघडते की नाही, ते तिला माहीत नाही. ढोलकीवाल्या काकांना आम्ही फोनवर पुन्हा विचारले. ते म्हणाले, शेवटी ढोलकी इतक्या जोरात असे, की काही ऐकूच येत नसे.

वर्षावासाच्या सांगतेला आमच्या नगरातल्या विहारात 'शाळेची वाट' करायचे ठरले. महिला मंडळाने मनावर घेतले. विहिरीचे आठ पानांचे बोलणे मुलीने फोनमध्ये भरून घेतले आणि आम्ही ते वहीत, एका वेगळ्या कागदावर लिहून डकवले. तालमी सुरू झाल्या. बाईचे काम या वेळी बाईच करणार होती. सामानाची यादी करताना घागरीपाशी प्रश्न आला, भरलेली की कोरडी?

भरलेलीच, सर्व म्हणाले. हे काय विचारणे झाले? नगर सारे आपले, घरोघर नळ, गच्चीवर टाक्या. बोलण्यात आम्हीच पुढे होतो.

आई खुर्चीवर बसली होती. तिने आमच्या पत्नीला विचारले, "आपल्या इथी झाडू मारायले येते ते बाई, तिचा कप कोठी ठेवतं तू?"

कोणी बोलले नाही. मोरीच्या खिडकीत ठेवतो. वेगळा आहे. कान तुटलेला. आम्ही त्याला कधी काही म्हटलेले नाही, तो तिथे आहे इतकेच. बैठकीला आलेल्या इतर घरांतही खिडक्या आहेत, हे सर्वांच्या चेहऱ्यांवरून कळले.

"मंग कोरडी ठेवा," आई म्हणाली.

कोरडी ठेवली. विहाराच्या ओट्याच्या पुढच्या कडेला, वग संपून खीरदान होईपर्यंत. काही जणांनी विचारले, ही घागर इथे कशाला, पायात येते. काही जणांनी विचारले नाही. कप आता खिडकीत नाही. त्याबद्दल याहून जास्त लिहावे असे आम्ही काही केलेले नाही.

वग आम्ही 'कोण आहे?' या प्रश्नाशीच थांबवला, कारण पुढचे आमच्याजवळ नाही. मुलगी म्हणते तिथे आपण काहीही घालू शकतो, जागा कोरीच आहे. आम्ही म्हणतो, ते पान होते. हा वाद सध्या पुणे-अकोला फोनवर चालू आहे.

म्हणून वाचकांना विनंती. 1958 ते 1968 च्या दरम्यान मूर्तिजापूर, दर्यापूर, आकोट, तेल्हारा, बाळापूर किंवा अचलपूर भागात ज्यांनी एखाद्या जलशात बोर्डिंगाच्या दाराशी संपणारा वग पाहिला असेल, ओट्याच्या कडेला ठेवलेली घागर पाहिली असेल, त्यांनी या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. शेवटी काय होत असे, तेवढेच हवे आहे. दोन ओळी पुरतील. स्वतः पाहिला नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे, आणि ती झोपली आहे असे समजू नये.